राक्षसपार्टीची बाजू

एकविसाव्या पातळीवर पोचलेल्या एका चेटकिणीने एका वाक्यात नदी अडवली. ‘‘डोंगराचा कडा उतरवते आणि घाटाच्या तोंडाशी ठेवते,’’ एवढेच ती म्हणाली. फासा टाकायची गरज नव्हती. तिच्या आकड्यांपुढे फाशाला काही अर्थ उरला नव्हता. वही उघडून बसलेल्या मला मात्र घाम फुटला. कारण त्या नदीच्या खालच्या अंगाला दुसऱ्या टोळीचे गाव होते, ती टोळी पुढच्या रविवारी येणार होती आणि तिला यातले काहीच ठाऊक नव्हते.

हे घडले परतूरच्या मोंढ्यात, आमच्या आडतीच्या दुकानावरच्या माडीत. चेटकीण म्हणजे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी. नदी, घाट, कडा हे सगळे खताच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने काढलेले. गेली तीन वर्षे मी हा खेळ चालवतो आहे. पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने सुट्टीत नियमांचे पुस्तक आणले, चार दिवस खेळून तो परत गेला, आणि पुस्तक माझ्याकडे राहिले. पहिले सहा महिने वीस बाजूंचा फासासुद्धा नव्हता. पितळी डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून आम्ही काम भागवले. आता आमच्याकडे दोन टोळ्या आहेत, एक सज्जनांची आणि एक दुर्जनांची. दोघीही अशा पातळीला पोचल्या आहेत की नियमांच्या पुस्तकातले निम्मे अडथळे त्यांना अडथळे वाटत नाहीत. असा खेळ चालवायचा कसा, आणि तो मराठी माणसाला वाटतो तितका परका का नाही, याबद्दल हा लेख आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. प्रत्येकाचे एक पात्र असते. त्याचे बळ, चपळाई, अक्कल हे गुण कागदावर आकड्यांत मांडलेले असतात. एक जण पात्र घेत नाही, तो जग सांभाळतो. इंग्रजीत त्याला डंजन मास्टर म्हणतात, आम्ही सूत्रधार म्हणतो. सूत्रधार सांगतो, ‘समोर कुलूपबंद दरवाजा आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय.’ खेळाडू सांगतो, ‘मी कुलूप उघडून बघतो.’ काम अवघड असेल तर फासा टाकायचा, त्यात पात्राच्या गुणाचा आकडा मिळवायचा, आणि सूत्रधाराने ठरवलेला आकडा गाठला की काम फत्ते. शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट पुढे सरकते. पात्र अनुभवाने मोठे होते, त्याची पातळी वाढते. एकाच गोष्टीची महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालणारी मालिका म्हणजे ‘कॅम्पेन’. आम्ही तिला मोहीम म्हणतो.

या जातीचा पहिला छापील खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांच्या नावावर तो १९७४ साली अमेरिकेत निघाला. सुरुवातीच्या खेळात पात्र म्हणजे भुयारात शिरून चार नाणी मिळवणारा धाडसी माणूस. पण लोक वर्षानुवर्षे खेळत राहिले आणि पात्रे फुगत गेली. १९८३ ते १९८६ या काळात फ्रँक मेंट्झरने संपादलेल्या पाच पेट्यांतून छत्तिसाव्या पातळीपर्यंतचा आणि त्यापुढे अमर होण्याचा रस्ता आखला गेला. २००२ साली विसाव्या पातळीपलीकडच्या खेळासाठी स्वतंत्र पुस्तक आले. २००८च्या चौथ्या आवृत्तीने तर एकविसाव्यापासून तिसाव्यापर्यंतच्या टप्प्यालाच ‘एपिक’, म्हणजे महाकाव्याचा, असे नाव देऊन टाकले.

महाकाव्य म्हटले की आपल्याला वाटते, आता खरी मजा. प्रत्यक्षात बहुतेक मोहिमा इथेच मरतात, आणि त्याचे कारण साध्या बेरजेत आहे. नवख्या पात्राच्या गुणाचा आकडा दोन-तीन असतो. त्याला पंधरा गाठायचे असतील तर फासा बारा-तेराच्या वर पडावा लागतो, म्हणून त्या फाशाकडे सगळे श्वास रोखून बघतात. आता एकाचा आकडा चाळीस आणि दुसऱ्याचा पंधरा असेल तर? पहिल्याला एक पडला तरी एकेचाळीस होतात, दुसऱ्याला वीस पडले तरी पस्तीसच. फासा हातात आहे, पण निकाल टाकण्याआधीच लागलेला आहे. मग सूत्रधार घाबरून समोर आणखी मोठा राक्षस उभा करतो, त्याचा आकडा पंचेचाळीस ठेवतो. पुढच्या महिन्यात पन्नास. ही शर्यत मी पहिल्या वर्षी धावून पाहिली. चौथ्या राक्षसाला खेळाडूंनी नावसुद्धा विचारले नाही.

यातून बाहेर पडायचा रस्ता मला नव्या पुस्तकांत सापडला नाही, जुन्या इतिहासात सापडला. त्यातही आधी परदेशी इतिहासात.

१८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने युद्धाचा सराव करण्यासाठी एक खेळ बसवला, ‘क्रीग्जश्पील’. त्यातली युक्ती अशी की दोन्ही बाजूंचे सेनापती आपले हुकूम लिहून पंचाकडे देत आणि पंच प्रत्येकाला तेवढेच सांगे, जेवढे त्याच्या सैन्याला खरोखर दिसले असते. टेकडीपलीकडे शत्रू आहे हे टेकडीवर चढल्याशिवाय कळायचे नाही. पुढे १८७६ साली व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने कोष्टके आणि फासे बरेचसे बाजूला सारले आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर दिला. या परंपरेतली पुस्तके शंभर वर्षांनी अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली या हौशी खेळाडूच्या हाती लागली. १९६९च्या सुमारास त्याने ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला, आणि सैन्यांबरोबर गावातली माणसेही वाटून दिली. प्रत्येकाचा हेतू वेगळा. ठरवलेली लढाई झालीच नाही. लोक कोपऱ्यात जाऊन आपसात कट करत बसले. वेस्लीला खेळ फसला असे वाटले, खेळाडूंनी मात्र पुन्हा मांडायचा हट्ट धरला. त्या खेळाडूंत डेव्ह आर्नेसन होता.

आर्नेसनने १९७१ साली ‘ब्लॅकमूर’ ही स्वतःची मोहीम सुरू केली. तिच्यात दुष्ट पात्रेही खेळाडूंकडेच होती. त्यातल्या एकाचे पात्र पुढे रक्तपिपासू पिशाच्च झाले, ‘सर फँग’ या नावाने, आणि ते इतके माजले की त्याला आवर घालण्यासाठी दुसऱ्या खेळाडूकरता एक धर्मगुरू घडवावा लागला. आज जगभर खेळले जाणारे ‘क्लेरिक’ हे पात्र त्या धर्मगुरूचे वंशज आहे. म्हणजे राक्षस माणसाने खेळला म्हणून देवमाणूस जन्माला आला. पुढे खेळ छापला गेला, लोकप्रिय झाला, आणि हळूहळू रिवाज असा पडला की सगळे खेळाडू एका टोळीत, सगळे राक्षस सूत्रधाराच्या खिशात. दोन टोळ्यांची मोहीम म्हणजे नवी टूम नव्हे; छापील पुस्तकाच्याही आधीची ती पद्धत आहे.

इथवर वाचल्यावर मला सांगलीची आठवण झाली.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीला चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केले हे आपण शाळेपासून ऐकतो. ते नाटक चालायचे कसे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यात संवाद लिहिलेले नव्हते. पद्ये भाव्यांची, ती म्हणणार सूत्रधार; आणि पात्रे त्या पद्याच्या अनुरोधाने आपापली भाषणे आयत्या वेळी रचणार. सूत्रधार एकदा येऊन नांदी म्हणून जात नसे, तो शेवटपर्यंत रंगभूमीवर असे आणि गोष्ट त्याच्या हातात असे. मंडळींतल्या नटांचे गट असत: देवपार्टी, राजपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी. ‘पार्टी’ हा इंग्रजी शब्द मराठी नाटकवाल्यांनी आपलासा केला होता, आणि तिकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सवाले सव्वाशे वर्षांनी आपल्या टोळीला पार्टीच म्हणू लागले. हा निव्वळ योगायोग आहे, मी त्यातून काही सिद्ध करू पाहत नाही. पण आकृती बघा. लिहिलेले संवाद नाहीत, गोष्ट सांभाळणारा एक सूत्रधार, आणि समोरासमोर राजपार्टी व राक्षसपार्टी. आमच्या माडीवर दर रविवारी हेच चालते.

फरक दोन. पहिला उघड आहे: भाव्यांच्या नाटकात रावणाला धनुष्य उचलणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असे, आमच्याकडे काहीच ठाऊक नसते. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या नाटकांतली राक्षसपार्टी आरडाओरडा करत, नाचत रंगभूमीवर येई. त्या ‘अललडुर्र’ आरोळीवरूनच पुढच्या सुशिक्षित पिढीने अशा नाटकांना अललडुर्र नाटके म्हणून हिणवले. राक्षसाला आवाज होता, बाजू नव्हती. आयत्या वेळच्या संवादाची ही रीत कोकणातल्या दशावताराने आजतागायत टिकवली आहे. तिथे पेटारा उघडतो, रात्र चढते, कथानक तोंडी ठरते आणि दोन कसलेले नट समोरासमोर आले की युद्धाआधी वाद रंगतो. अशा वादात राक्षस कधी कधी असा बिनतोड मुद्दा काढतो की समोरच्या राजाला क्षणभर घोट गिळावा लागतो. कुडाळ तालुक्यातल्या एका जत्रेत मी हे पाहिले, पहाटे अडीच वाजता, थंडीत. दहीकाल्यापर्यंत जागलो ते त्या राक्षसासाठी.

आता चालवण्याच्या पद्धतीकडे येतो, कारण तिथे बरेच जण फसतात.

पहिली अडचण काळाची. राजपार्टी एका रविवारी खेळते, राक्षसपार्टी पुढच्या. समजा, राजपार्टीने मोहिमेच्या एकेचाळिसाव्या दिवशी पूल ओलांडला. पुढच्या रविवारी राक्षसपार्टी म्हणते, आम्ही चाळिसाव्या दिवशीच तो पूल जाळला. झाले, सगळा आठवडा पाण्यात. म्हणून आम्ही पिकाच्या हिशेबासारखा हिशेब ठेवतो. एका बैठकीत जास्तीत जास्त दहा दिवस सरकायचे. एक पार्टी दहा दिवस पुढे गेली की दुसरी तिथे पोचेपर्यंत तिने थांबायचे. ज्या कामाने दुसऱ्यांच्या मुलखावर परिणाम होईल, त्याची तारीख बैठकीच्या सुरुवातीलाच चिठ्ठीवर लिहून मला द्यायची. दोन वह्या, दोन रंगांचे पेन. आमच्या दुकानात रोजमेळ आणि खतावणी वेगळी ठेवतात, त्याच शिस्तीने.

दुसरी गोष्ट बातमीची. राइसविट्झचा नियम इथे जशाच्या तसा लागू. नदी अडली हे खालच्या गावाला त्याच दिवशी कळत नाही. आधी पाणी उतरते, मग कोळी तक्रार करतात, मग कोणीतरी म्हणते वर पाऊस कमी असेल, मग एखादा गुराखी येऊन सांगतो की घाटात डोंगर वेगळा दिसतो. सूत्रधाराने हे टप्पे गाळून ‘शत्रूने नदी अडवली आहे’ असे सांगितले की खेळाचा जीव गेला. बातमी कोणत्या वाटेने, किती दिवसांत येते आणि वाटेत किती बिघडते, हे ठरवण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. शनिवारी रात्री घरातले झोपले की मी अफवा लिहीत बसतो.

तिसरी गोष्ट शक्तीची, आणि महाकाव्याच्या पातळीचे खरे कुलूप इथे आहे. आकड्यांची शर्यत सोडायची तर बलवानाला अडवणार कोण? उत्तर आपल्याकडच्या गोष्टींत केव्हाचे पडून आहे. भीष्माला हरवणारा कोणी नाही, त्याला त्याची प्रतिज्ञा बांधते. कर्णाला शाप बांधतात आणि दिलेला शब्द बांधतो. हिरण्यकशिपूला मिळालेला वर इतका पक्का की त्यात फट शोधायला उंबरठा आणि संध्याकाळ लागते. या माणसांच्या अंगातले बळ कितीही वाढले तरी गोष्ट थांबत नाही, कारण गोष्ट बळावर चाललेलीच नसते. म्हणून विसाव्या पातळीनंतर आमच्याकडे आकडे वाढवणे बंद केले. त्यापुढची प्रत्येक शक्ती वर म्हणून मिळते, आणि वराच्या कागदावर तीन ओळी असतात: काय मिळाले, त्यासाठी काय सोडले, आणि फट कुठे आहे. पहिल्या दोन ओळी खेळाडू लिहितो. तिसरी मी लिहितो, त्याला दाखवतो, आणि कागद बंद करतो.

राजपार्टीतल्या एका योद्ध्याला शस्त्र लागत नाही. त्या बदल्यात सूर्योदयाला दारात आलेल्याला नाही म्हणायचे नाही असे त्याने लिहून दिले. (हे सरळ कर्णावरून उचललेले आहे आणि तो ते मान्यही करतो.) आमची चेटकीण डोंगर हलवू शकते. त्यासाठी तिने स्वतःचे खरे नाव देऊन टाकले, ते तिला आठवत नाही. फट अशी: ते नाव शोधून कोणी तिला हाक मारली तर तिने हलवलेले सगळे डोंगर जागेवर जातील. मग दुसऱ्या पार्टीचे काम लढण्याचे राहत नाही, शोधण्याचे होते. कोणत्या गावात तिचे बालपण गेले, तिथली कोणती म्हातारी अजून जिवंत आहे, ती म्हातारी बोलेल का. चाळिसाचा आकडा असलेल्या योद्ध्यालाही म्हातारीच्या ओट्यावर बसून चहाच प्यावा लागतो.

राक्षसपार्टीचे मला सुरुवातीला अजिबात जमले नाही. चार जण मोठ्या हौसेने दुष्ट व्हायला आले आणि त्यांनी दोन महिन्यांत अकरा गावे जाळली. बाराव्या गावाला तेही कंटाळले. क्रौर्यात वैविध्य फार कमी असते. एकदा एकाने कैद्याच्या छळाचे असे वर्णन चालवले की शेजारची मुलगी उठून गॅलरीत गेली. त्या दिवसापासून नियम आहे, कोणीही तळहात वर केला की प्रसंग तिथेच संपतो, कारण विचारायचे नाही. लहान मुलांचा छळ, बायकांवरचा अत्याचार, जातीवरून शिवी हे आमच्या टेबलावर येतच नाही. पण बंदीने काय करू नये ते ठरते, काय करावे ते ठरत नाही. मग मी चौघांना वह्या दिल्या आणि सांगितले की तुमचे पात्र हे कोणासाठी करते आहे ते लिहून आणा, पान भरले पाहिजे. सोबत ‘युगान्त’ची माझी फाटकी प्रत फिरवली. इरावतीबाईंनी १९६७ साली महाभारतातल्या माणसांना थोर आणि दुष्ट अशा खणांतून बाहेर काढून ज्या थंड डोळ्याने पाहिले, तो डोळा या मुलांना उपयोगी पडेल असे वाटले. दोघांनी वाचले. चेटकिणीने वाचले.

आणि तिने जे पान लिहून आणले त्यातून ती नदी आली.

तिचे लोक घाटावरचे. नदी त्यांच्या पायथ्यातून जाते, पण शेत उंचावर, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते पाणी बघतात आणि त्यांच्या विहिरी कोरड्या. खाली राजपार्टीचे गाव, तिथे दोन पिके आणि फळबाग. तिने पाणी अडवले ते खालच्यांना मारायला नाही, वरच्यांना जगवायला. राजपार्टीला अखेर सगळे कळले आणि दोन्ही पार्ट्यांची पहिली एकत्र बैठक झाली तेव्हा माडीवर दहा माणसे होती आणि पंखा बंद होता. राजपार्टीच्या नायकाने तिला राक्षसीण म्हटले. ती म्हणाली, ‘‘वरच्यानं पाणी आडवलं की त्याला धरण म्हणायचं, आन्‌ आम्ही आडवलं की राक्षस व्हय?’’

आमच्या भागात हे वाक्य हवेत विरत नाही. गोदावरीवर नाशिक-नगरच्या अंगाला धरणे झाली, खाली पैठणला जायकवाडी. तुटीच्या वर्षी वरून पाणी सोडायचे की नाही यावर मोर्चे निघतात, कोर्टात खटले उभे राहतात. पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे असे २००५चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा सांगतो, आणि तरी दर वेळी भांडण नव्याने सुरू होते. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी वाढवलेली झाडे स्वतःच्या हाताने तोडून सरपणाला घातली. टेबलाभोवतीच्या पोरांनी ते लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले. आपण कायम खालचे, पाण्याची वाट पाहणारे, हे इथल्या प्रत्येकाच्या अंगात भिनलेले आहे. आणि तिने त्यांना एकदम वरच्याच्या जागी उभे केले.

काही वेळ कोणी बोलले नाही. मग राजपार्टीतलाच एक मुलगा बोलला, जो एरवी फासा टाकण्यापलीकडे तोंड उघडत नाही. आमच्या तालुक्यातून दुधना वाहते, पुढे पूर्णेला मिळते. तिच्यावर सेलू तालुक्यात निम्न दुधना धरण झाले आणि त्याच्या फुगवट्यात आमच्या बाजूची जमीन गेली. त्याच्या आज्याची त्यात होती. तो म्हणाला, ‘‘वर आन्‌ खाली तेवढंच बोलायलात तुम्ही. मधी तळं भरलं ना? ते कुणाच्या वावरात भरलं, ते कुणी इच्यारलं का?’’

कोणी विचारले नव्हते. मीही विचारले नव्हते, आणि नकाशा माझा होता. पुठ्ठा उलगडून पाहिला तर घाटाच्या तोंडाशी, जिथे पाणी तुंबणार, तिथे माझ्याच हातचे एक गाव काढलेले होते. चेटकिणीच्या लोकांचेच.

पुढच्या तीन बैठका या गावावर गेल्या आणि त्या आमच्या मोहिमेतल्या सर्वांत चांगल्या बैठका होत्या. डोंगर हलवणाऱ्या बाईला चाळीस घरे हलवता येईनात. घरे हवेत उचलून ठेवता आली असती, पण माणसे हो म्हणत नव्हती. त्यांची भूमिका मी करत होतो, पण राजपार्टीतल्या त्या मुलाने मला बाजूला सारून गावचा म्हातारा पाटील स्वतः घेतला. त्याने मागण्या काढल्या: जमिनीला जमीन, देऊळ आधी, आणि पहिला पाऊस नव्या गावात पडेपर्यंत जुने बुडवायचे नाही. एकविसाव्या पातळीची चेटकीण त्याच्यापुढे वही घेऊन बसली होती.

इथपर्यंत सांगितले की वाटते सगळे छान जमले. तसे नाही, कारण याच सुमारास मी स्वतः घाण केली.

खालचे गाव वाळत चालले होते. मला ते बघवेना. बागा सुकल्याचे वर्णन मीच करत होतो आणि मलाच त्रास होत होता. राजपार्टी चेटकिणीचे नाव शोधत होती, चुकीच्या दिशेने. एका रविवारी मी त्यांच्या वाटेत एक फकीर आणून ठेवला आणि त्याच्या तोंडून म्हाताऱ्या दाईचे गाव सांगून टाकले. ते गाव बारा दिवसांच्या वाटेवर होते. मोहिमेच्या सहाव्या दिवशी राजपार्टी तिच्या ओट्यावर हजर. मला वाटले कोणाच्या लक्षात येणार नाही.

एकत्र बैठकीत चेटकिणीने आपली वही काढली. तिने तारखा लिहून ठेवल्या होत्या. ‘‘सर, बारा दिवसांचा रस्ता हे सहा दिवसांत कसे आले?’’

मी फकिराच्या आडवाटेबद्दल काहीतरी सांगू लागलो. अर्ध्यावर थांबलो. क्रीग्जश्पीलचा पंच टेकडीपलीकडचे एकदा फुकट सांगतो, तेव्हा त्याने त्याआधी सांगितलेले सगळेही संशयात येते. नियमाप्रमाणे ती बैठक रद्द व्हायला हवी होती. राजपार्टीचे म्हणणे, आम्ही कुठे फसवले, आम्ही तर खेळलो. त्यांचेही खोटे नव्हते. तीन आठवडे वाद चालला. दोघे खेळ सोडून गेले, त्यातला एक दोन महिन्यांनी परतला, दुसरा आला नाही. अखेर ठरले की दाईचा ओटा राहील, पण दाई त्या दिवशी काही बोलणार नाही. आणि दिवसांची वही यापुढे माझ्याकडे नसेल. ती आता भिंतीवर टांगलेली असते, बातम्यांच्या चिठ्ठ्या बंद पाकिटात मागे लावलेल्या. दर बैठकीला दोन्ही पार्ट्यांचा एकेक जण ती तपासतो आणि सही करतो. पाकीट उघडण्याआधी तारीख मोठ्याने वाचली जाते. मला हे थोडे लागले, खोटे कशाला बोलू. पण त्यानंतर मी एकदाही अफवा वाकडी केलेली नाही, आणि करायची इच्छा दोनदा झाली होती.

इतरत्र कोणी अशी मोहीम चालवत असेल त्याने वीस पातळ्या होईपर्यंत दोन पार्ट्या करू नयेत असे काही जण सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. सुरुवातीपासून दोन ठेवाव्यात, म्हणजे दोघींना एकमेकींच्या वाढण्याची सवय होते. चार-पाचपेक्षा जास्त खेळाडू एका पार्टीत नकोत. आणि एकत्र बैठका कमी ठेवाव्यात. आमच्या तीन वर्षांत पंधरासुद्धा झालेल्या नाहीत. समोरासमोर येण्याची धास्ती हेच अर्धे भांडवल आहे.

सध्या खेळ बंद आहे. सोयाबीन आले आहे, मागोमाग कापूस येईल, माडीवर पोत्यांची थप्पी लागली आहे आणि मुले शेतात आहेत. पेरणीला आणि सुगीला आमचे जग असेच थांबते. त्या मुलखातही तेवढे दिवस काही घडत नाही असे आम्ही धरतो. कडा अजून घाटाच्या तोंडाशी आहे. पाटलाच्या तीन मागण्यांपैकी दोन मान्य झाल्या आहेत. दिवाळीनंतर दोन्ही पार्ट्यांनी जागा बदलायच्या असा प्रस्ताव चेटकिणीने मांडला आहे, म्हणजे सहा महिने राजपार्टीने राक्षस व्हायचे आणि यांनी खाली राहायला यायचे. त्यावर मतदान व्हायचे आहे. तिच्या खऱ्या नावाची चिठ्ठी दुकानाच्या गल्ल्यात आहे, आणि गल्ल्याची किल्ली, त्या ठरावाप्रमाणे, माझ्याकडे नाही.